शब्दचर्चा: पॅकेजांच्या 'रेपॉझिटरी'ला काय म्हणावं?

होटगीकर: सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लिनक्स लॅबसाठी मराठीत सूचना लिहितोय. सगळ्या मशीन डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर. एकदम अपडेट सुरू झाले की नेट तुंबतं, म्हणून पॅकेजं (प्रोग्रॅमच्या तयार फाइली) आतल्याच सर्व्हरवरून द्यायची सोय केली आहे. पॅकेजं जिथे ठेवलेली असतात त्या रेपॉझिटरीला 'भांडार' लिहिलं, तर ग्रंथालयातल्या मॅडम म्हणाल्या, हे दुकान वाटतं, ग्राहक भांडारासारखं. 'रेपो' लिहिलं, तर कॉमर्सच्या सरांना रिझर्व्ह बँकेचा दर आठवला. काय लिहू?

साखरपेठकर: कोठार. कोष्ठागारावरून कोठार, भांडागारावरून भांडार. दोन्ही आपलेच, पण कोठारात विक्री नसते. शिवाय सांभाळणाऱ्याला शब्द तयार आहे: कोठावळा. आलं-गेलं लिहून ठेवणं हे त्याचं काम. इथे ते काम 'पॅकेजेस' फाइल करते. नाव, आवृत्ती, आकार, चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायची खूण), सगळं तिच्यात.

पूर्वभाग: चादरींचा माल ठेवतात त्याला सोलापुरात कोण कोठार म्हणतं हो? गोदामच म्हणतात. आमच्या घरी तेलुगूत गिड्डंगी. मलायी 'गुदांग' त्यावरूनच गेला आणि पोर्तुगीजांच्या तोंडून गोदाम होऊन परत आला, असं माझं ठाम मत.

साखरपेठकर: परत आला म्हणून घरचा होत नाही.

पूर्वभाग: मग 'चावी' पण टाकून द्या, ती पोर्तुगीजच आहे. तुमच्या कोठावळ्याच्या कमरेला काय लावणार?

रात्रपाळी: दोन्ही शब्दांत सही सुटते. रेपॉझिटरीच्या 'रिलीज' फाइलवर जीपीजी सही, म्हणजे डिजिटल सही असते, त्या फाइलीत 'पॅकेजेस'चा चेकसम आणि 'पॅकेजेस'मध्ये प्रत्येक पॅकेजचा. मधे कुणी काही बदललं तर ॲप्ट, म्हणजे डेबियनवर पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, ते पॅकेज घेत नाही. ही साखळी आहे म्हणून आतल्या सर्व्हरवर भरवसा ठेवता येतो. आणि होटगीकर, तुमचं नेमकं काय आहे? ॲप्ट-मिररने उतरवलेली अख्खी प्रत, रेप्रेप्रोने रचलेली स्वतःची पॅकेजं, की ॲप्ट-कॅशर-एनजी?

होटगीकर: शेवटचं. पोर्ट ३१४२.

रात्रपाळी: मग ती रेपॉझिटरीच नव्हे. पहिल्या मशीनने मागितलेलं पॅकेज ते बाहेरून आणतं, ठेवून घेतं आणि पुढच्यांना तेच देतं. 'साठा' म्हणा. कोठार म्हटलंत तर पोरांना वाटेल, नेट बंद असतानाही सगळं मिळेल.

साखरपेठकर: साठा म्हणजे आतला माल. जागेला शब्द हवा, तो कोठारच.

टर्मिनल: पोरं अडली की 'रेपो' म्हणूनच शोधणार. तोच ठेवा. फक्त 'ती रेपो' लिहू नका, तो रेपो. ओकारान्त आहे: तो फोटो, तो रेडिओ, तो टेम्पो.

साखरपेठकर: बायको ओकारान्तच आहे.

टर्मिनल: ती बाहेरून आलेली नाही. मी उसन्या शब्दांबद्दल बोलतोय.

पूर्वभाग: रेपॉझिटरी स्त्रीलिंगी, मग तिचं आखूड रूप पुल्लिंगी कसं? आमच्या लॅबमध्ये 'ती रेपो'च म्हणतात.

होटगीकर: सूचना उद्या लावायची आहे. 'पॅकेजांचा साठा' लिहितोय, आणि खाली सर्व्हरचा पत्ता.

साखरपेठकर: पत्त्याच्या वर कोठार लिहा.