घरी धान्यापासून बियर: ‘मॅश’, ‘वर्ट’, ‘पिच’ यांना मराठीत काय म्हणावं?

रानवारा

एक भांडं आणि एक जाळीदार कापडी पिशवी एवढ्यावर होणारी १० लिटर बियरची कृती मराठीत लिहायला घेतली आहे. प्रमाणं पक्की आहेत, घोडं अडलंय ते शब्दांपाशी. आधी कृती देतो, म्हणजे कोणता शब्द कुठे बसायला हवा ते दिसेल. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये.

बार्लीचं फिकट माल्ट सव्वादोन किलो, भरडलेलं. २० लिटरच्या भांड्यात साडेपंधरा लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवायचं. पिशवी आत पसरून माल्ट घालायचं. ते साधारण २५ अंशांवर असेल तर मिश्रण ६७ ला स्थिरावतं. एक तास ‘मॅश’, म्हणजे माल्ट त्या गरम पाण्यात तसंच ठेवायचं. मग पिशवी उचलायची. उरलेला ‘वर्ट’, म्हणजे माल्टचं गोड पाणी, एक तास उकळायचा. उकळी फुटल्यावर ६ टक्के आल्फा आम्लाचे (त्यावरून कडवटपणा ठरतो) १५ ग्रॅम हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, शेवटची दहा मिनिटं उरली की आणखी १० ग्रॅम. थंड करून २० अंशांवर आणायचं आणि यीस्ट ‘पिच’ करायचं, म्हणजे त्यात घालायचं. दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या.

‘ऑल-ग्रेन’साठी मी ‘संपूर्ण धान्य’ लिहिलंय, ‘मॅश करणे’साठी ‘शिजवणे’ आणि ‘ब्रू करणे’साठी ‘गाळणे’. तिन्ही खटकतात. काय करावं?

उंबर

तिन्ही बदला. नुसते खटकतात एवढंच नाही, त्या शब्दांनी बियर बिघडेल.

‘गाळणे’ आपल्याकडे ‘दारू गाळणे’मुळे डोक्यात बसलंय. त्यात भट्टी आली, वाफ आली, वाफेचं पुन्हा पाणी करणं आलं. म्हणजे ते ऊर्ध्वपातन झालं. बियरमध्ये ऊर्ध्वपातन कुठेच नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कायदासुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. (घरी बियर करायला परवानगी आहे का हे आपापल्या ठिकाणी आधी पाहून घ्यावं, हे कृतीच्या वर लिहाच.) ‘ब्रू करणे’ला सरळ ‘बियर करणे’ किंवा ‘बियर बनवणे’ म्हणा. एकच क्रियापद सगळ्या टप्प्यांना पुरवण्याचा हट्ट कशाला? भिजवणं, उकळणं, निववणं, फसफसू देणं ही वेगवेगळी कामं आहेत.

‘संपूर्ण धान्य’ तर फसवंच. वाचणारा त्याचा अर्थ ‘अख्खं धान्य’ असा घेईल आणि न भरडता पाण्यात टाकेल. दाणा फुटला नाही तर आतला स्टार्च पाण्याला भेटत नाही आणि तासाभरानंतर हाती येतं ते जेमतेम गोड पाणी. ‘ऑल-ग्रेन’चा अर्थ एवढाच, की साखर तयार माल्ट-अर्कातून न घेता सगळी धान्यातून काढायची. ‘थेट धान्यापासून’ म्हटलं की पुरे.

आणि ‘भरडणे’ हा शब्द तुम्ही योजलात तो उत्तम. दळणं वेगळं, भरडणं वेगळं. दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, तूस शक्यतो अखंड राहावं. पिशवीची पद्धत असल्यामुळे थोडं बारीक झालं तरी चालतं. गिरणीच्या रुळांमधलं अंतर इतर पद्धतींत १ ते १.२ मिलिमीटर ठेवतात, पिशवीसाठी ०.८ पर्यंत आणता येतं. पिशवी नसेल तर मात्र तूस हीच गाळणी असते. पीठ जास्त झालं की तिचा चिखल होतो आणि थेंबही खाली उतरत नाही.

‘बार्ली’ला ‘जव’ लिहिणार असाल तर जपून, घाईत वाचणारा ‘जवस’ वाचतो. ‘सातू’ हा शब्द बरोबर असला तरी अनेकांना त्यावरून पीठच आठवतं. माझं मत ‘बार्ली’लाच. ‘माल्ट’ही तसंच ठेवा. मात्र पहिल्यांदा येईल तिथे ‘मोड आणून, वाळवून, भट्टीत कोरडं केलेलं धान्य’ असं एकदा सांगा. नाहीतर कुणी साधी बार्ली आणेल. मोड आणताना धान्यात स्टार्चची साखर करणारी जी विकरं (एन्झाइम) तयार होतात ती नसतील, तर पुढचं सगळं वाया.

पारिजात

‘शिजवणे’बद्दल उंबर यांनी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण सगळ्यांत घातक शब्द तोच आहे. ‘धान्य तासभर शिजवा’ असं वाचलं की कोणीही आच मोठी करणार, आणि पाणी ८० च्या वर गेलं की खेळ खलास.

मॅशमध्ये काम करतात ती दोन विकरं. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमात असतं, ७० च्या आसपास ते लवकर निकामी होतं. त्याच्यापासून माल्टोज ही साखर मिळते, ती यीस्टला सहज खाता येते. आल्फा-अमायलेज ६८ ते ७२ ला जोमात असतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या मध्येच कुठेही तोडतं, त्यामुळे यीस्टला न खाता येणारे तुकडेही उरतात. म्हणून ६५ ला ठेवलेली बियर कोरडी, हलकी होते आणि ६९ ला ठेवलेली भरीव, थोडी गोडसर. ६७ हा दोघांचा मधला रस्ता. यात ‘शिजणं’ कुठेच नाही, विकरांना त्यांच्या आवडीच्या उबेत बसवून ठेवणं आहे.

म्हणून मी ‘मुरवणे’ सुचवते. ‘माल्ट ६७ अंशांवर तासभर मुरवा.’ यात वेळ आहे, मंदपणा आहे आणि आच नाही.

शिवाय सुरुवातीच्या तापवलेल्या पाण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: आधण. धान्य वैरण्यासाठी चुलीवर ठेवलेलं पाणी. ‘आधणाचं तापमान ७० अंश’ किती सुटसुटीत वाटतं!

कांचन

‘आधण’ला माझं अनुमोदन, पण एका अटीवर. आधण म्हटलं की ते खळखळलेलं असणार असं वाचणारा धरून चालतो. त्यामुळे आकडा प्रत्येक वेळी सोबत हवा. आणि आकडा बदलतो, हेही सांगा. रानवारा यांच्या कृतीत किलोला जवळपास सात लिटर पाणी आहे, म्हणून आधण फक्त तीन अंश जास्त ठेवून भागतं. तेच किलोला तीन लिटर घेतलं तर थंड धान्य जास्त उष्णता ओढून घेतं, मग त्याच ६७ साठी आधण जवळपास ७३ अंशांचं लागतं. कोणी घट्ट मिश्रण करून ७० चंच आधण घेतलं तर पोचेल जेमतेम ६४-६५ ला.

‘मुरवणे’ला मात्र हरकत आहे. ‘मुरवण’ म्हणजे काही भागांत दुधाला लावायचं विरजण. क्रियापद चालेल, पण त्यापासून नाम केलंत आणि ‘मुरवण ६७ अंशांवर ठेवा’ असं लिहिलंत, तर निम्मे वाचक यीस्ट समजतील. यीस्ट ६७ अंशांत गेलं तर मेलंच.

पारिजात

मान्य, हे ध्यानात नव्हतं. मग नाम ‘मॅश’च ठेवू आणि क्रियापद ‘मुरत ठेवणे’. ‘मॅश तासभर मुरत ठेवा, भांड्याला जाड कापड गुंडाळा, वीस-वीस मिनिटांनी ढवळा.’ तापमान तासाभरात एक-दोन अंश उतरलं तर काळजी नाही. आच लावायचीच झाली तर पिशवी तळापासून उचलून धरावी, नाहीतर कापड जळतं.

मुरलं की नाही हे बघायला आयोडिन आहे. पांढऱ्या बशीत चमचाभर द्रव, त्यात आयोडिनचा थेंब. निळाकाळा झाला तर स्टार्च शिल्लक, अजून पंधरा मिनिटं. तूस बशीत येऊ देऊ नका, ते स्वतःच काळं पडतं आणि दिशाभूल होते. बशीतलं भांड्यात परत ओतायचं नाही.

रानवारा

हे फारच उपयोगी. मग ‘वर्ट’? मी ‘काढा’ लिहिणार होतो.

उंबर

काढा उकळून आटवलेला असतो. पिशवी उचलल्यावर भांड्यात जे आहे ते अजून उकळलेलंच नाही. ‘अर्क’ म्हणाल तर तो माल्ट-अर्काशी गोंधळ करतो, आणि ती तर दुसरीच पद्धत. ‘वर्ट’ हा छोटा, बोलायला सोपा शब्द आहे, राहू द्या. ‘तो वर्ट’ की ‘ते वर्ट’ यावर मात्र एकदा ठरवून घ्या. रस पुल्लिंगी, काढा पुल्लिंगी, म्हणून मी ‘तो वर्ट’ म्हणतो.

उकळण्याच्या टप्प्यावर दोन वाक्यं वाढवा. झाकण ठेवायचं नाही. उकळताना डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जातं, झाकणाखाली ते परत ठिबकतं आणि बियरला उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो. अगदी फिकट पिल्सनर माल्ट असेल तर तासाऐवजी दीड तास उकळा, पण मग सुरुवातीचं पाणीही लिटरभर वाढवा. दुसरं, पहिली उकळी फुटताना प्रथिनांचा फेस अचानक वर येतो. ‘उतू जाणे’ हा शब्द सगळ्यांना कळतो, तोच वापरा.

कांचन

‘स्पार्ज’चं काय? या कृतीत तो टप्पा नाही, तरी कुणी विचारेलच. ‘चोथा धुणे’ म्हणावं. पिशवीतला चोथा दोन-तीन लिटर गरम पाण्याने धुतला तर अडकलेली साखर मिळते. भांडं लहान असेल तर हाच उपाय: आधण कमी घ्यायचं, धुवण नंतर मिळवायचं. धुण्याचं पाणी ७७ अंशांच्या वर नको. पाणी फार गरम आणि अल्कधर्मी असलं की तुसातलं टॅनिन उतरतं आणि बियर तुरट होते. ‘तुरट’ आणि ‘कडू’ हे दोन शब्द चवीच्या वर्णनात वेगळे ठेवा. कडवटपणा हॉप्सचा, तो हवाच. तुरटपणा हा दोष.

खाली राहणाऱ्या वस्तूंनाही वेगळी नावं हवीत. पिशवीत राहतो तो चोथा. उकळून थंड केल्यावर तळाशी बसतो तो गाळ, प्रथिनं आणि हॉप्सचा. किण्वनानंतर तळाला बसलेल्या यीस्टच्या थराला मी ‘साका’ म्हणेन. वरचं निवळलं की ते नळीने अलगद काढायचं, साका हलवायचा नाही.

रानवारा

‘पिच’साठी ‘विरजण लावणे’ फार मोह पाडतंय.

पारिजात

मोह आवरा. विरजण दुधाचं, त्यातले जिवाणू आम्ल तयार करतात. तेच जिवाणू वर्टमध्ये शिरले तर बियर आंबट होते. ‘यीस्ट घालणे’ म्हणा, संपलं.

‘किण्व’ हा शब्द जुना आहे, कौटिलीय अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात येतो. पण तिथे किण्व म्हणजे उडीद आणि तांदळाचं तयार केलेलं मिश्रण, आजचं पाकिटातलं शुद्ध यीस्ट नव्हे. त्यावरून आलेलं ‘किण्वन’ मला या टप्प्यासाठी योग्य वाटतं. ‘आंबवणे’ सरसकट वापरतात, पण त्यात आंबटपणा गृहीत धरलेला आहे. बियर ‘आंबली’ असं कृतीत आलं तर ती तयार झाली की नासली, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. रोजच्या बोलण्यात ‘फसफसायला लागलं’ म्हणा, शीर्षकात ‘किण्वन’. ‘आंबणे’ दोषांसाठी राखून ठेवू.

यीस्ट किती ते मूळ कृतीत नाही. ११ ग्रॅमचं कोरड्या एल यीस्टचं (‘एल’ प्रकारच्या बियरचं यीस्ट) पाकीट साधारण २० लिटरसाठी असतं, १० लिटरला निम्मं पुरे. पूर्ण घातलं तरी बिघडत नाही. वर्ट ३० अंशांवर असताना घाईने घातलं तर मात्र बिघडतं: वास फळांचा, उग्र दारूचा येतो. किण्वन १८ ते २० अंशांत होऊ द्यावं.

कांचन

‘निर्जंतुक करणे’ हाही शब्द तपासून घ्या. घरी आपण सगळे जंतू मारत नाही, त्यांची संख्या इतकी कमी करतो की यीस्ट त्यांना सहज मागे टाकतं. शब्द रूढ आहे, तर ठेवा, पण ‘आधी घासून स्वच्छ, मग निर्जंतुक’ हा क्रम लिहा. चिकट थर तसाच असला तर त्याखालचे जंतू औषधालाही सापडत नाहीत. वर्ट उकळून उतरवल्यापासून त्याला जे जे लागेल, नळी, झाकण, तापमापक, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप), ते सगळं यात आलं. त्याआधीच्या भांड्यांना नुसती स्वच्छता पुरे.

क्लोरीनची ब्लीच वापरणं टाळा. थोडा अंश राहिला तरी बियरला दवाखान्यासारखा वास येतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचंही तेच, पण ते पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर उडून जातं. क्लोरामाइन असेल तर उडत नाही, त्याला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं.

उंबर

बाटल्यांबद्दल राहिलं. ‘दोन आठवड्यांनी भरा’ एवढंच लिहू नका. दिवस मोजून किण्वन संपत नाही, हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने, संपल्याचं कळतं. ‘विशिष्ट गुरुत्व’ हा शाळेतला शब्द इथे चपखल आहे. या प्रमाणात सुरुवातीला १.०४५ च्या आसपास आणि शेवटी १.०११ च्या आसपास यायला हवं. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, तर भरा. फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे साधारण साडेचार.

मग लिटरला ६ ग्रॅम साखर, म्हणजे दहा लिटरला ६०. थोड्या पाण्यात उकळून, निववून, सगळ्या बियरमध्ये हलकेच मिसळायची. बाटलीत चमच्याने घातली तर प्रत्येक बाटली वेगळी होते. बाटली फक्त दाबाखालच्या पेयाचीच हवी. साधी काचेची बाटली फुटते, आणि किण्वन अर्धवट असताना भरलेली कोणतीही. पहिल्यांदा करणाऱ्याने सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्या घ्याव्यात. दाबून बघितलं की आत वायू किती झाला ते हाताला कळतं. २० अंशांच्या आसपास दोन आठवडे.

रानवारा

मधला भाग आता असा झाला आहे:

‘साडेपंधरा लिटर आधण ७० अंशांवर आणा. आच बंद करा. पिशवी पसरून भरडलेलं माल्ट थोडं थोडं वैरा आणि गोळे फोडत ढवळा. मॅश ६७ अंशांवर तासभर मुरत ठेवा. पिशवी उचला, चोथा निथळू द्या, मग पिळा. खाली राहिलेला वर्ट झाकण न ठेवता तासभर उकळा.’

पारिजात

छान. ‘पिळा’च्या आधी ‘जाड रबरी हातमोजे घालून’ एवढं घाला, चोथा तेव्हा ६५ अंशांचा असतो. आणि पिशवी भांड्यावर जाळी ठेवून तिच्यावर टेकवा, हातात धरून दहा मिनिटं निथळत नाही. सव्वादोन किलोचं माल्ट भिजून चार किलोच्या आसपास भरतं.