शब्दचर्चा : एकाच नावाचे दोन अल्बम, तर कंसात काय लिहायचं?

रेघोट्या
मराठी विकिपीडियासाठी पाश्चात्त्य संगीतावर लेख लिहायला घेतलेत. फ्लीटवुड मॅक या बँडचा १९६८चा पहिला अल्बम आणि १९७५चा अल्बम, दोन्हींचं नाव फ्लीटवुड मॅकच. बँड धरून एकाच नावाचे तीन लेख झाले. इंग्रजीच्या धर्तीवर 'फ्लीटवुड मॅक (१९७५ अल्बम)' असं शीर्षक दिलं, पण डोळ्यांना खुपतंय. शिवाय 'अल्बम'ऐवजी गीतसंग्रह किंवा ध्वनिमुद्रिका म्हणावं का? जाणकारांनी सांगा.

विसर्ग
खुपणारच. अल्बमचं अनेकवचन अल्बमच. एक अल्बम, दहा अल्बम, १९७५ अल्बम. मराठी वाचणाऱ्याला ती संख्या वाटते, साल नाही. 'चित्रपट'चीही तीच गत, 'डॉन (२००६ चित्रपट)' वाचून बघा. सालाला 'चा' लावा, '१९७५चा अल्बम'. प्रश्न मिटला.

खारीक
मिटला कुठे? निम्मे लोक 'चा' सालाला जोडून लिहिणार, निम्मे जागा सोडून. शीर्षकात एक जागा कमीजास्त झाली की संगणकाच्या लेखी तो दुसराच लेख. आणि कलाकाराचं नाव घालायची वेळ आली की मानाचा प्रश्न. क्वीन हा बँड, म्हणून 'क्वीनचा अल्बम' ठीक आहे, पण गायक असला की पीटर गॅब्रिएलचा की पीटर गॅब्रिएल यांचा? 'लता मंगेशकरचा अल्बम' असं शीर्षक करून बघा, चर्चापान पेटेल.

जुनी तबकडी
आधी 'अल्बम'बद्दल. तो शब्द बदलू नका. गीतसंग्रह म्हटलं की आपल्याला छापील पुस्तक आठवतं, आणि नुसत्या वाद्यसंगीताच्या अल्बमला गीतसंग्रह कसं म्हणणार? ध्वनिमुद्रिका म्हणजे तबकडी, ती वस्तू झाली. बीटल्सचा १९६८चा अल्बम दोन तबकड्यांचा होता, आज तो एकाही तबकडीशिवाय ऐकतात. खरं तर 'अल्बम' हा शब्दही वस्तूवरूनच आलाय. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या पाकिटांच्या पुस्तकात घालून विकत. ते पुस्तक फोटोंच्या अल्बमसारखं दिसायचं म्हणून तो अल्बम. १९४८मध्ये लाँग प्ले आली, सगळं एका तबकडीत मावलं, पुस्तक गेलं आणि नाव राहिलं. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरी पाटी. बीटल्सच्या त्याच अल्बमला लोक 'व्हाइट अल्बम' म्हणतात, म्हणजे पांढरं पांढरं!)

आता साल. यात पीटर गॅब्रिएलचं उदाहरण भारी आहे. १९७७, १९७८, १९८० आणि १९८२ असे ओळीने चार अल्बम, चारही नुसते 'पीटर गॅब्रिएल'. मासिकासारखं नाव तेच ठेवायचं आणि अंक नवा काढायचा, अशी त्याची कल्पना होती. अमेरिकेतल्या कंपनीला हे काही पचलं नाही, तिने चौथ्यावर 'सिक्युरिटी' असं लेबल चिकटवलं. बाकीच्यांना चाहत्यांनीच मुखपृष्ठावरून नावं ठेवली. गाडीच्या काचेवर पाणी म्हणून 'कार', नखांनी ओरबाडलेला कागद म्हणून 'स्क्रॅच', वितळलेला चेहरा म्हणून 'मेल्ट'.

मासिकाचंच म्हणाल तर आपल्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटलाय. दिवाळी अंकाचं नाव दरवर्षी तेच असतं. संदर्भ देताना आपण 'मौज, दिवाळी १९६८' लिहितो. ना 'चा', ना 'यांचा', नुसता स्वल्पविराम. तसंच 'फ्लीटवुड मॅक (अल्बम, १९७५)' लिहा. संख्येचा घोटाळा नाही, मानापमान नाही, आणि यादीत सगळे अल्बम सालवार लागतात.

विसर्ग
स्वल्पविराम पटला. 'चा' मागे घेतो.

खारीक
+१. पण साल दर वेळी पुरत नाही. वीझर या बँडने स्वतःच्याच नावाचे सहा अल्बम काढलेत, त्यातले दोन २०१९ या एकाच सालात, टील आणि ब्लॅक. तिथे मुखपृष्ठाच्या रंगाशिवाय गत्यंतर नाही. मग 'वीझर (ब्लू अल्बम)' की 'वीझर (निळा अल्बम)'? आणि टीलला मोरपंखी म्हणायचं?

जुनी तबकडी
मोरपंखी पैठणीला शोभतं. 'ब्लू अल्बम' हे रंगाचं वर्णन राहिलेलं नाही, लोकांच्या तोंडी ते नावच झालंय, तेव्हा देवनागरीत तसंच ठेवा. लेखात पहिल्या वाक्यात 'निळ्या मुखपृष्ठामुळे' असं लिहिलं की झालं. मात्र 'कार', 'मेल्ट' शीर्षकात घेऊ नका, तिथे साल पुरतं.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. 'ग्रेटेस्ट हिट्स'चं काय करू? आब्बाचा १९७५चा, क्वीनचा १९८१चा, आणि फ्लीटवुड मॅकचेच दोन, १९७१ आणि १९८८.

जुनी तबकडी
तिथे आधी कलाकार, 'ग्रेटेस्ट हिट्स (क्वीन अल्बम)'. फ्लीटवुड मॅकपुरतं साल जोडा, 'ग्रेटेस्ट हिट्स (फ्लीटवुड मॅक अल्बम, १९८८)'. क्वीनला साल लावायची गरज नाही. फरक कळण्यापुरतंच कंसात घालायचं, अख्खी कुंडली नको.

विसर्ग
एक राहिलं. हा कंस लेखाच्या मजकुरात दिसू देऊ नका. 'फ्लीटवुड मॅक (अल्बम, १९७५)मध्ये स्टीव्ही निक्स या बँडसोबत पहिल्यांदा गायली' हे कुणाच्या तोंडी बसेल? '१९७५च्या फ्लीटवुड मॅकमध्ये' असं साधं लिहा आणि दुवा मागून जोडा. १९६८च्या अल्बमवर बँडचा तेव्हाचा गिटारवादक पीटर ग्रीनचा ब्लूज आहे, १९७५च्या अल्बमवर निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम. बँड जवळपास वेगळाच, तेव्हा वाक्यात साल आलेलं बरंच.

रेघोट्या
केलं. जुन्या शीर्षकांवरून पुनर्निर्देशन ठेवलंय, म्हणजे ती शोधली तरी नव्या शीर्षकावर पोचता येईल, '१९७५चा अल्बम'वरूनही, जोडून आणि तोडून दोन्ही.