ट्रंकवर नवे व्हीलॅन जोडल्यापासून प्रयोगशाळेतील संगणकांना आयपी पत्ता मिळत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे नेटवर्क माझ्याकडे आहे. कार्यालयातील स्विच राउटरला जोडलेला असून तेथून एक केबल वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेच्या स्विचकडे जाते. तीच ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कची) वाहतूक नेणारी जोडणी आहे. दोन्ही स्विच सिस्को कॅटलिस्ट २९६० मालिकेतील आहेत. व्हीलॅन १० स्विचच्या व्यवस्थापनासाठी आणि व्हीलॅन २० विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी आहे, तर डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) राउटरवर आहे. नुकतेच कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञांनी व्हीलॅन ३० तयार करून ते ट्रंकवर चालू केले. तेव्हापासून कॅमेरे उत्तम चालतात, परंतु प्रयोगशाळेतील संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि तेथील स्विचला कार्यालयातून पिंगही लागत नाही. पोर्टचे दिवे हिरवे आहेत. विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्यामुळे मला फार काळजी वाटते. स्विच बंद करून पुन्हा सुरू करावा का?

प्रतिसाद:

नमस्कार. स्विच इतक्यात बंद करू नका. १६९.२५४ चा पत्ता डीएचसीपीकडून उत्तर न आल्यास संगणक स्वतःच घेतो, आणि कॅमेरे चालत आहेत त्याअर्थी केबल व ट्रंक दोन्ही शाबूत आहेत. माझा दाट संशय ट्रंकवरून कोणत्या व्हीलॅनला जाऊ द्यायचे, त्या परवानगीच्या यादीवर आहे. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' ही आज्ञा 'ॲड' शब्दाशिवाय दिली, तर ३० जुन्या यादीत जोडले जात नाही. जुनी यादी जाऊन तिच्या जागी एकटे ३० उरते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते, कारण आज्ञा कोणतीही सूचना न देता स्वीकारली जाते.

दोन्ही स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' पाहा. वरचा स्विच दुरून सापडणार नाही, त्यामुळे तेथे कन्सोल केबल (संगणक थेट स्विचला जोडणारी केबल) लावून ९६०० बॉडच्या वेगावर जावे लागेल. यादीत १० आणि २० नसतील, तर त्या ट्रंक पोर्टवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड १०,२०' द्या. एका टोकाला जरी व्हीलॅन वगळलेले असले तरी त्याची वाहतूक होत नाही, म्हणून दोन्ही टोके तपासणे आवश्यक आहे.

तंत्रज्ञांनी बदल साठवले असतील, तर स्विच पुन्हा सुरू करून काहीच साधणार नाही. साठवले नसतील, तर कॅमेऱ्यांची मांडणीही जाईल. त्यामुळे आधी संगणकांना पत्ता मिळतो याची खात्री करा आणि मगच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' द्या. यादी दोन्हीकडे बरोबर असूनही अडचण राहिली, तर दोन्ही स्विचवरील 'शो व्हीलॅन ब्रीफ' येथे द्यावे.