मदत हवी आहे : केळीच्या पानाचा पॅटर्न ब्रश कोपऱ्यावर तुटतो

नमस्कार. श्रावणात आमच्याकडे जळगावला कानबाई या खानदेशातील लोकदेवीची स्थापना होते. तिच्या निमंत्रणपत्रिकेच्या चौकटीसाठी मी इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केळीच्या पानाचा वेक्टर आकार काढून त्याचा पॅटर्न ब्रश (रेषेवर एकच तुकडा, म्हणजे टाइल, पुन्हा पुन्हा मांडणारा ब्रश) केला आहे. आर्ट ब्रशमध्ये एकच पान रेषेभर ताणले जाते आणि शिरा विरळ होतात, म्हणून तो मार्ग सोडला. आता सरळ बाजू सुरेख जुळतात, परंतु कोपऱ्यासाठी ‘ऑटो-स्लाइस्ड’ (बाजूची टाइल तिरपी कापून कोपरा आपोआप जोडणारा पर्याय) निवडताच मधली शीर तिरपी कापली जाते, आणि केळीच्या पानाची सारी ओळखच त्या शिरेत असते. बाजूच्या टाइलएवढ्या उंचीचा चौरस घेऊन कोपऱ्याची स्वतंत्र टाइल काढावी, असे मला वाटते. मात्र त्या चौरसात शीर कोणत्या कडेने आत घ्यावी आणि कोणत्या कडेने बाहेर काढावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.