मुखवटा घातलेला माणूस 'डॉक्युमेंटरी' फोटोत कसा चालतो?

काळापांढरा:
फोटोग्राफर गौरी गिल यांची 'ॲक्ट्स ऑफ ॲपिअरन्स' ही फोटोमालिका इथे काहींनी पाहिली असेल. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची. बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवासाठी, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे सुभास आणि भगवान धर्मा कडू हे कोकणा समाजातले भाऊ. गिल यांनी २०१५ च्या सुमारास त्यांना सुचवलं की देवादिकांचे नेहमीचे मुखवटे नकोत, रोजच्या जगण्यातले करा. मग कुणाच्या खांद्यावर टीव्हीचा डबा आला, कुणाला पक्ष्याचं तोंड, कुणाला जनावराचं. गावकऱ्यांनी ते चढवून प्रसंग उभे केले आणि फोटो निघाले. २०१७ ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा कलाप्रदर्शनात आणि २०१८ ला न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन या कलासंग्रहालयात ते लागले.

चित्रं म्हणून झकास, वाद नाही. पण 'समाजाची स्मृती', 'ओळख' वगैरे म्हणत याला डॉक्युमेंटरीच्या रांगेत बसवतात तिथे माझं डोकं फिरतं. कल्पना फोटोग्राफरची, मुखवटे सांगून करवलेले, प्रसंग रचलेले. पन्नास वर्षांनी हे पाहणाऱ्याला जव्हारबद्दल काय कळणार? कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबं, उन्हाळ्यातली पाण्याची पायपीट, सगळं त्या टीव्हीच्या डब्यामागे गेलं. याउलट सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो घ्या. गटाराच्या पाण्यात उतरलेला माणूस. बघणाऱ्याला पळवाट नाही. मी दस्तऐवज म्हणतो तो याला.

मोखाड्याची_लेक:
बोहाडा पाहिलाय का कधी, की नुसते फोटोच? होळीनंतर आमच्याकडे गावोगाव होतो. रात्रभर संबळ वाजत असतो आणि एकेक सोंग बाहेर पडतं. मुखवटा एवढा जड की आधी डोक्याला फडकं गुंडाळायचं, मग तो बसवून आवळून बांधायचा. आत घामाच्या धारा, समोरचं जेमतेम दिसतं, नाचणाऱ्याला सांभाळायला बाजूला माणसं लागतात. ज्या घराकडे ज्या सोंगाचा मान, ते घर तो सोडत नाही. तेव्हा मुखवटा म्हणजे तोंड लपवणं हे तुमचं गणित आमच्याकडे चालत नाही. चारचौघांत यायची ती आमची रीत आहे.

आणि जव्हार-मोखाड्याचं 'खरं' चित्र म्हणाल तर ते भरपूर निघालंय. १९९२-९३ ला वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हापासून आमच्या भागात कॅमेरा येतो तो हडकुळं पोर शोधतच येतो. आमचा माणूस टीव्ही डोक्यावर घेऊन तुमच्याकडे बघतोय, हे पहिल्यांदाच झालं असेल. त्याचाच त्रास होतोय का?

चिंतूकाका:
मूळ धाग्यातली 'न रचलेला फोटो' ही वस्तू मला कुठे मिळाली नाही बुवा. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड छापले. जातीजमातींचे फोटो आणि खाली शेरे: अमुक लोक कष्टाळू, तमुक बेभरवशाचे. मुखवटा एकाच्याही तोंडावर नाही! आता त्यातला दस्तऐवज कुणाचा, फोटोतल्यांचा की शेरा मारणाऱ्या साहेबाचा?

काळापांढरा:
@चिंतूकाका, साहेबाने खोटा शेरा मारला म्हणून फोटोची जात वाईट ठरत नाही. शेरा खोडा, फोटो राहू द्या.

@मोखाड्याची_लेक, बोहाड्याचा मान मला मान्यच आहे. गिल यांनी सरळ बोहाड्याचेच फोटो काढले असते तर मी हा धागा काढला नसता. पण हे बोहाड्याचं सोंग नाही ना! कुठल्या घराकडे टीव्हीचा मान आहे?

मोखाड्याची_लेक:
आज नाही. गणपतीचं सोंग तरी पहिल्यांदा कुणी तरी केलंच असेल.

दुसरं सांगते. आमच्या आजोबांचा एकुलता एक फोटो मतदार ओळखपत्रावरचा. ते गेल्यावर काकांनी तो तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने मागे निळा पडदा टाकला आणि अंगावर काळा कोट चढवला. आजोबांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नव्हता. हार त्याच फोटोला घालतो आम्ही. ओळखपत्रावरचा मूळ फोटो 'खरा', पण त्यात ते पोलिसाने धरून आणल्यासारखे दिसतात. तुमच्या हिशेबाने आमच्या भिंतीवर लटकलंय ते खोटं?

काळापांढरा:
खोटं कसं म्हणेन? पण तो कोट तुमच्या काकांनी ठरवला. घरच्यांनी. जव्हारमध्ये सूचना बाहेरून आली. फरक तिथेच आहे.

लोअरपरळ:
मी मध्येच घुसतो. सूचना बाहेरून आली तरी गिल यांची पद्धत काही रातोरात आलेली नाही. २००३ मध्ये राजस्थानात लुणकरणसरच्या बालिका मेळ्यात त्यांनी तंबूत फोटोचा स्टुडिओ थाटला होता. तिथे कसं उभं राहायचं, हातात काय धरायचं, सोबत कोण, हे मुलींनी ठरवलं. गावातल्या मुलीला असं कोण विचारतं एरवी?

माझी तक्रार मात्र निराळी आहे. जव्हारच्या मालिकेत प्रत्येक फोटोचं शीर्षक 'अनटायटल्ड' आणि पुढे नंबर. कडू बंधूंना मुखवट्यांचं श्रेय दिलंय, चांगलंच केलं. पण आत उभा असलेला माणूस? त्याचा नंबर झाला.

आणि काळापांढरा, तुमच्या 'पुराव्या'बद्दल: हाताने मैला उपसण्याविरुद्ध कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला. ओलवे यांचे फोटो जगभर गेले, त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली. माणसं आजही उतरताहेत. पुराव्याने काय उपटलं?

काळापांढरा:
पुरावा असून ही गत आहे. नसता तर? जुलै २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की हाताने मैला उपसण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंदच नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्यांचा रकाना वेगळा! अशा उत्तरापुढे मला गटारातला उघडा चेहरा लागतो, टीव्हीचा डबा कामाचा नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेतल्या त्या पुरल्या जाणाऱ्या बाळाचा फोटो रघू राय यांनीही काढला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. तो नसता तर १९८४ आपल्याला आकड्यांतच आठवलं असतं.

लोअरपरळ:
त्या बाळाचं नाव अजून कुणाला माहीत नाही. सगळ्या जगाने पाहिलं आणि तरी.

मोखाड्याची_लेक:
गटारातल्या फोटोबद्दल काळापांढरा यांच्याशी माझं भांडण नाही. वावर-वांगणीच्या वेळीही कॅमेरे आले म्हणून मुंबईला जाग आली, ते कशाला नाकारू? पण एकदा तसा फोटो निघाला की पुढची तीस वर्षं तोच काढत राहायचा आणि दुसरं काही काढलं की 'हे डॉक्युमेंटरी नाही' म्हणायचं, हे मला चालणार नाही.

@लोअरपरळ, नंबरचं तुम्हाला खटकलं, मला नाही. बोहाड्यात सोंग कुणाचं ते बाहेरच्याने ओळखावं, आत कोण नाचतोय ते गावाला चालीवरूनच कळतं. न्यूयॉर्कला नाही कळलं तर न कळो.