जाळ्यांपेक्षा वायरींकडे बघा

वर एकांनी लिहिलंय की जेटीमागे फाटकी जाळी पेटवतात, त्यातून डायॉक्सिन (क्लोरीन असलेली अत्यंत विषारी द्रव्यं) येतं. धूर वाईटच, पण नायलॉनमध्ये क्लोरीन नसतं आणि क्लोरीनशिवाय डायॉक्सिन होत नाही. (जाळी खाऱ्या पाण्याने माखलेली असतात म्हणा, आणि मिठात क्लोरीन असतं, त्यामुळे ती अगदीच निर्दोष नाहीत. समुद्रात भिजलेलं लाकूड जाळलं तरी तेच.)

खरी गोम त्याच ढिगातल्या पीव्हीसी वायरींत आहे, कारण पीव्हीसी या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतं. भंगारवाले तांब्यासाठी त्या जाळतात तेव्हा बघा, काळ्या धुराखाली ज्योतीला हिरवी झाक येते. तांबं आणि क्लोरीन एकत्र आल्याची ती खूण. पुढे धूर २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला की राखेच्या कणांवर डायॉक्सिन जुळून येतं, आणि तांबं त्याला उत्प्रेरक म्हणून हातभार लावतं. ॲमस्टरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ केस ओली आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या राखेत ही द्रव्यं दाखवून दिली. म्हणजे रसायनांचा कारखानाच लागतो असं नाही.

मग मासे खाणं सोडायचं का, असं कुणीतरी विचारलंय. मी तरी सोडणार नाही. एवढंच, की डायॉक्सिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मुरतं. म्हणून कुर्लीच्या कवटीतल्या तपकिरी गरात ते नांगीच्या मांसापेक्षा जास्त साठतं. आपल्या अंगात शिरलेलं निम्मं व्हायलाच सात-एक वर्षं जातात.

वायरी सोलायचं हातयंत्र मिळतं. सोललेल्या तांब्याला जळक्यापेक्षा भावही बरा येतो, हे भंगारवाल्यांना आधी सांगा.