गावाचं नाव काढलं की लोकांना गोळीबारच आठवतो, तुमच्याकडेही असंय का?

पवनाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. मी मावळातला, कामशेतच्या बाजूचं छोटं गाव, सध्या नोकरीसाठी नाशिकला. नवीन ऑफिसात ओळखपाळख चालली होती, मी म्हटलं मावळ, तर एक वयस्कर साहेब पटकन म्हणाले "म्हणजे तो गोळीबार झाला तेच ना?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आपुलकीनेच विचारलं, पण मला पुढे काय बोलावं तेच सुचेना. इंद्रायणी तांदूळ आमचा, लोहगड विसापूर आमचे, कार्ले भाजे आमच्याकडे, शिवाजी महाराजांचे मावळे ज्या मातीतले ती ही माती, आणि इतक्या वर्षांनी लोकांच्या डोक्यात राहिलं काय तर एक दुपार.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ९ ऑगस्ट २०११, मंगळवार, क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायचं ठरलं होतं. तोपर्यंत (आणि त्यानंतरही) पाणी नदीतून खाली यायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका उचलायची, आणि वाटेतल्या गावांच्या मोटारी त्याच नदीवर चालायच्या. पाणी थेट धरणातून पाइपात गेलं तर नदीत काय उरणार ही साधी भीती होती लोकांची. त्यात धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसनच पूर्ण झालेलं नव्हतं, त्यामुळे राग जुना होता. त्या दिवशी बऊरजवळ एक्सप्रेस हायवे अडवला, दगडफेकही झाली, ते मी लपवत नाही, आणि मग गोळीबार झाला. तिघं गेले, एक बाई आणि दोन पुरुष, तिघंही शेतकरी.

मी तेव्हा आठवीत. बाबा गेले होते आंदोलनाला. रात्री घरी आले ते चालत, गाडी तिथेच राहिलेली. दुसऱ्या दिवशी चुलते घेऊन आले तर स्प्लेंडरचा हेडलाइट फुटलेला, आरसे नाहीत आणि टाकीला हा एवढा मोठा पोचा. टीव्हीवर तेव्हा पोलीस उभ्या गाड्यांवर काठ्या मारताना सगळ्या महाराष्ट्राने बघितलेत. हेडलाइट बाबांनी बदलला पण टाकीचा पोचा काढला नाही, मी कितीदा म्हटलं पन्नास शंभर रुपयांचं काम आहे, तर म्हणतात राहू दे.

तर प्रश्न असा आहे की तुमच्यापैकी कुणाच्या गावाचं, वस्तीचं नाव असं पोलिसांच्या गोळीने किंवा लाठीने बाहेर गेलंय का? आणि पुढे त्या नावाचं काय झालं? कधी पुसलं जातं का हे, की पुसूच नये?

मिठागर_८४:
दादा, मी उरणचा, आगरी. आमच्याकडे १६ आणि १७ जानेवारी हे दिवस पोरापोराला पाठ आहेत. १९८४ साली, १६ ला जासईला दास्तान फाट्यावर आणि १७ ला पागोट्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतलेल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि हातात काय पडत होतं तर एकरामागे किरकोळ रक्कम. दि. बा. पाटील साहेब पुढे होते. पुढे साडेबारा टक्के आलं, म्हणजे संपादन केलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड परत. पण त्या पाच जणांनंतर आलं, आधी नाही. आज नवी मुंबईत टॉवर बघता ना, त्यातले कितीतरी साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर उभे आहेत.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे आमच्याकडे ते नाव पुसायचा प्रश्नच आला नाही. माझी आजी गोळीबार हा शब्द कमी वापरायची, ती म्हणायची "आंदोलनाचा साल". नातवंडं कुणाची कधीची ते त्यावर मोजायची, हा आंदोलनाच्या सालचा, ही त्याच्या नंतरची. दर जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, पुढारी येतात, भाषणं होतात, ती एक वेळ सोडा, पण घरातल्या बाया उन्हात उभ्या राहून फुलं वाहतात तेव्हा अजूनही घशात येतं. बाहेरच्यांनी विचारलं की आम्ही मान वर करून सांगतो. मला वाटतं फरक इथे आहे, आम्हाला ते सांगताना शेवटी काहीतरी मिळालं असं सांगता येतं. तुम्हाला काय मिळालं?

सह्यवारा:
सगळ्यांच्या भावना समजतात पण एक विचारतो, राग मानू नका. हायवे अडवला की अँब्युलन्स पण अडते, दगड डोक्यात बसला की पोलीस पण मरतो. प्रत्येक वेळी पोलीसच वाईट असं लिहिलं की त्या जिल्ह्यात चांगला अधिकारी यायला तयार होत नाही, उद्योग यायला घाबरतो, ते पण नाव खराब होणंच आहे ना?

खाकीघरची:
सह्यवारा, तुमचं काही चूक नाही आणि त्यावर मीच बोलते कारण मी पोलिसाची मुलगी, बाबा एसआरपीत (राज्य राखीव पोलीस दलात) होते, आता रिटायर. लहानपणी आम्हाला बंदोबस्त हा शब्द म्हणजे बाबा नाहीत एवढाच अर्थ माहीत होता. गणपती असो, इलेक्शन असो, अधिवेशन असो, ट्रकमध्ये बसून जायचे, शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात पथारी, दिवसरात्र ड्युटी. एकदा कपाळाला सात टाके घेऊन आले, वीट लागलेली. त्यामुळे दगड काय असतो ते मला सांगू नका, मी त्या टाक्यांना मलम लावलंय.

पण त्याच बाबांना पेपरमधला "सौम्य लाठीमार" हा शब्द अजिबात आवडायचा नाही. ते म्हणायचे लाठी कधी सौम्य नसते गं, मारणाऱ्याचा हात वेळेवर थांबतो की नाही एवढंच असतं. नियम त्यांना तोंडपाठ, आधी माइकवरून इशारा, ऐकलं नाही तर लाठी नाहीतर अश्रुधुराची नळकांडी, आणि गोळी अगदी शेवटी, आणि तीसुद्धा कमरेखाली. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४८ झालंय, नंबर बदलला, मुद्दा तोच की जमाव पांगवायला लागेल तेवढंच बळ. लोक पळायला लागले म्हणजे जमाव पांगला. पळणाऱ्याच्या पाठीवर मारलेली लाठी कुठल्याच कलमात बसत नाही, हे बाबांचं वाक्य, माझं नाही. आणि उभी गाडी काय दगड मारणारे? ती फोडायचं कारण काय?

दुसरं म्हणजे ऑर्डर वरून येते आणि सस्पेंड बहुतेक वेळा खालचा होतो. आणि नाव मात्र सगळ्या खात्याचं जातं. मी कॉलेजला मुंबईत होते, हॉस्टेलवर माझी एक जिवलग मैत्रीण घाटकोपरची. एसआरपी म्हटल्यावर तिचा चेहरा असा उतरला की मला कळेचना. नंतर तिने सांगितलं ती कुठल्या वस्तीतली ते. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही, मग एका रात्री बसून सगळं बोललो. मी बाबांना फोन करून विचारलं, तुम्ही होता का तिथे? नव्हते. पण विचारायची वेळ आली ना माझ्यावर, स्वतःच्या बापाला.

निळी_पहाट:
खाकीघरची ताई, तुमचं वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. मी रमाबाई आंबेडकर नगरचा, घाटकोपर पूर्व. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक रस्त्यावर आले, एसआरपीने गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली. गेलेल्यांत असे होते जे नुसते काय झालं बघायला बाहेर आलेले.

मी तेव्हा सहा वर्षांचा, मला आठवतं ते एवढंच की आईने आम्हा तिघा भावंडांना खाटेखाली घातलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली.

आता नावाचं सांगतो, कारण हाच धागा आहे. त्या दिवसानंतर आमची वस्ती म्हणजे "टँकर जाळायला निघालेली वस्ती" असं पसरलं, हायवेवर गॅसचे टँकर होते, ते पेटवणार होते म्हणून गोळीबार करावा लागला असं सरकारी सांगणं होतं. चौकशीला नेमलेल्या गुंडेवार आयोगाने ते मान्य केलं नाही, गोळीबार समर्थनीय नव्हता असं म्हटलं. २००९ मध्ये गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. म्हणजे १२ वर्षं लागली. त्या १२ वर्षांत आमच्यातली किती पोरं नोकरीच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना नुसतं "घाटकोपर पूर्व" लिहायची, रमाबाई नगर लिहायची नाहीत, मी पण लिहिलं नाही, खोटं कशाला बोलू. टँकरची बातमी सगळ्यांनी वाचली, आयोगाने काय म्हटलं ते किती जणांनी वाचलं? मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना टँकर आठवतो.

त्यामुळे पवनाकाठ भाऊ, पुसलं जातं का असं विचारत असाल तर गोळीबार पुसला जाऊ नये असंच मी म्हणेन, पण त्याच्याबरोबर चिकटलेला खोटा डाग मात्र घासून काढावा लागतो, आणि ते काम आपल्यालाच करावं लागतं, परत परत सांगून.

अंबडकर:
मी जालन्याकडचा. आमच्याकडे म्हण आहे जालना सोने का पालना. स्टील म्हणा बियाणं म्हणा मोसंबी म्हणा, नाव त्यासाठी होतं. अंतरवाली सराटी म्हटलं तर ऑगस्ट २०२३ पर्यंत शेजारच्या तालुक्यात पण विचारायचे कुठं आलं हे, वडीगोद्रीजवळ म्हटलं की मग कळायचं. १ सप्टेंबरला मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या मांडवात लाठीमार झाला आणि दोन दिवसांत बातम्या लावा की आमचंच गाव. गृहमंत्र्यांनी माफी मागितली ४ तारखेला. १४ ऑक्टोबरला सभेला एवढी माणसं आली की रस्ता दिसंना.

त्याचं भलंबुरं मी इथं काढत नाही, पण एक सांगतो जे टीव्हीवर आलं नाही. त्या लाठीमारानंतर दोन्ही बाजूंनी जे ताणत गेलं ना, मराठा आणि ओबीसी, त्यात आमच्या भागात एकमेकांच्या लग्नात जाणं कमी झालं. पिढ्यान्पिढ्या शेजारी शेत असलेली माणसं, बांधावर चहा व्हायचा तो बंद झाला. बाहेरच्या माणसाला आमचं नाव मोठं झालेलं दिसतं, आम्हाला तो बंद पडलेला चहा दिसतो.

आणि पोरांवरच्या केसेस! ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३५३ (सरकारी नोकरावर हल्ला), असली कलमं पोरांवर लागली. सरकार मागे घेऊ म्हणतं पण तोवर चारित्र्य पडताळणी आली, भरती आली की पोरगं अडकतं. आमच्याकडची निम्मी पोरं पोलीस भरतीचीच तयारी करत असतात पहाटे रस्त्यावर पळून, ज्या खात्याच्या लाठ्या खाल्ल्या त्याच खात्यात जायचंय त्यांना, दुसरी नोकरी आहे कुठं.

सीताबर्डी:
नागपूरहून. २३ नोव्हेंबर १९९४, अधिवेशन चालू, गोवारी समाजाचा मोर्चा, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती! सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचंच नाव आहे, आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. मी त्यावरून रोज ऑफिसला जाते. मागणी होती आदिवासी म्हणून सवलती द्या. २०१८ ला हायकोर्टाने बाजूने निकाल दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. पूल मिळाला, आदिवासी म्हणून सवलत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी गोवारी आहेत, त्या पुलाखालून बसने जाताना हात जोडतात, बस थांबत नाही तिथे, चालत्या बसमधूनच.

पवनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून लिहाल वाटलं नव्हतं. सह्यवारा, तुमचा राग नाही आला, अँब्युलन्सचं बरोबर आहे, पण माणूस मारल्याशिवाय हायवे मोकळा होत नाही हे मला कधीच पटणार नाही.

मिठागर दादा, तुम्ही विचारलंत काय मिळालं. ते काम त्यानंतर वर्षानुवर्षं ठप्प होतं, नदी अजून वाहतेय, मोटारी चालू आहेत, हेच काय ते. पण तुमच्यासारखं "हे मिळवलं" म्हणून दाखवायला नाही काही, आणि पाणी कधी पाइपात जाईल ही टांगती तलवार आहेच. इलेक्शन आलं की मात्र सगळ्यांना आमचे तिघं आठवतात, २०१९ ला लोकसभेला तर प्रत्येक सभेत गोळीबार, गोळीबार. त्या तिघांच्या घरी निकालानंतर कोण गेलं हे कुणी सांगत नाही.

काल रात्री बाबांना फोनवर तुमचे सगळ्यांचे रिप्लाय वाचून दाखवले. खाकीघरची ताई, तुमच्या बाबांचं लाठीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग पहिल्यांदाच सांगितलं, त्या दिवशी पळताना ते पडले होते आणि त्यांना हाताला धरून कडेच्या गटाराकडे ओढलं ते एका पोलिसानेच, म्हणाला काका इथेच पडून राहा, उठू नका. तरुण पोरगा होता, नेमप्लेट चिखलाने भरलेली त्यामुळे नाव कळलं नाही. इतकी वर्षं घरात कुणाला बोलले नव्हते. मी विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणाले, सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते बघा पोलीस किती चांगले, आणि ते तिघं राहिले असते बाजूला.

येत्या ९ ऑगस्टला मी रजा टाकलीय, श्रद्धांजलीला बाबांबरोबर जाणार आहे, त्याच स्प्लेंडरवर. ऑफिसातल्या त्या साहेबांनाही विचारलंय, येतो म्हणालेत.